दोन परंपरांचा संगम : जुने गोवे येथील ख्रिस्ती कला संग्रहालय

ठाणे शहरात खोपटच्या एस. टी. स्थानकावरून मासुंदा तलावाकडे निघाले म्हणजे काठावर संत जॉन बाप्तिस्ट यांचे जुने चर्च लागते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकून घेईपर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. चर्चची स्थापना त्याच काळातील. ठाणे, वसई, गोवे येथे तेव्हा उभ्या राहिलेल्या चर्चना मूर्ती, क्रूस, वेद्या, चांदीची पात्रे लागत. हे सारे युरोपातून जहाजाने आणणे शक्य नव्हते. मग ते घडविले कोणी? या प्रश्नाचे उत्तर जुने गोवे येथील ख्रिस्ती कला संग्रहालयात पाहावयास मिळते.

संग्रहालयाची स्थापना

हे संग्रहालय १९९४ साली राचोल येथील धर्मशिक्षणालयात सुरू झाले. लिस्बनच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानाचे त्यास साहाय्य लाभले. २००२ साली ते जुने गोवे येथील सांता मोनिका मठाच्या वास्तूत आले. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा धर्मभगिनींचा मठ आशियातील अशा पहिल्या मठांपैकी एक होय. नूतनीकरणानंतर २०२२ साली संग्रहालय पुन्हा खुले झाले.

कारागिराची खूण

येथील कलावस्तूंचे विषय बायबलमधील आहेत, नमुने बहुधा युरोपातून आलेले. हात मात्र येथील सुतारांचे, सोनारांचे आणि हस्तिदंत कोरणाऱ्यांचे. मेंढपाळाच्या रूपातील बाळ येशूची गोव्यातील हस्तिदंती मूर्ती हे त्याचे उत्तम उदाहरण. खडकावर बसलेले बालक, खांद्यावर कोकरू, गालाला टेकलेला हात आणि मिटलेले डोळे पाहताना ध्यानस्थ बुद्धाची आठवण होते. गोव्यातील काही चर्चमध्ये लाकडी प्रवचनपीठाचा भार नागिणींच्या आकृती वाहतात. शब्दांच्या क्षेत्रातही असेच घडले. फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले.

हा संगम राज्यकर्त्यांच्या औदार्यातून झाला, असे मात्र समजू नये. गोव्यात देवळे पाडली गेली तोच हा काळ. १५६७ साली गोव्यातील धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजावस्तू करवून घेण्यास मनाई केली. काम त्यांच्याकडे जात होते, म्हणूनच मनाई करावी लागली. आणि पुढेही ते थांबले नाही. कुशल हातांवाचून चर्चचे चालत नव्हते, आणि कारागिरालाही पोट होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा या वस्तूंतच उरला आहे.

जपणुकीचा प्रश्न

हा पुरावा नाजूक आहे. लाकडाला वाळवी लागते, दमट हवेने रंग सुटतात, जीर्णोद्धारात जुनी मूर्ती अडगळीत पडते किंवा विकली जाते. चोरीचे भय तर नित्याचेच. जानेवारी २०१२ मध्ये या संग्रहालयातच चोरी झाली आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला प्राण गमवावे लागले.

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी शिल्पे, चित्रे व तत्सम वस्तू पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. विहित प्रकारच्या पुरावशेषांची नोंदणी आवश्यक असून खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाहीत.

मुंबईत गोरेगाव येथेही ख्रिस्ती वारशाचे संग्रहालय आहे. ठाणे जिल्ह्यातील शाळांना तेथे सहल नेणे सोयीचे आहे. परंतु प्रत्येक वस्तू संग्रहालयात जाऊ शकत नाही. गावातील चर्च, देऊळ, दर्गा वा जुना वाडा येथील वस्तूंची छायाचित्रे, मापे आणि वृद्धांकडून कळलेली माहिती एका वहीत टिपून ठेवणे शिक्षकांना व ग्रामपंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. वस्तू हरवल्यास पोलिसांनाही अशा नोंदीचाच आधार होतो. जुन्या कारागिरांची नावे नोंदायची राहून गेली. त्यांचे काम तरी नोंदीवाचून राहू नये.