हार-जीत मैदानावर, कळ छातीत



२०२४ च्या नोव्हेंबरअखेर मी आणि सौ. माझ्या भाच्याकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातील कोलंबस शहरी गेलो होतो. शनिवारी सकाळी फिरायला बाहेर पडलो, तर लहानथोर सगळे लाल कपड्यांत. मला वाटले, काही सण असावा. भाचा हसून म्हणाला, "मामा, सणच आहे. आज मिशिगनशी मॅच आहे."

तिकडचा फुटबॉल आपल्याकडच्यासारखा पायाने खेळत नाहीत. लांबट चेंडू हातात धरून पळायचे, फेकायचे आणि अडवणाऱ्याला अंगावर घ्यायचे, असा तो धसमुसळा खेळ आहे. सामना होता दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा, पण स्टेडियममध्ये लाखावर माणूस! आपले वानखेडे तीन वेळा भरेल एवढे. ओहायो स्टेटचा संघ बलाढ्य, सगळे त्याचाच विजय धरून चाललेले. प्रत्यक्षात तो १०-१३ असा हरला. मिशिगनकडून ही ओळीने चौथी हार.

टीव्हीवर प्रशिक्षक रायन डे यांचा चेहरा दिसला आणि माझ्यातला डॉक्टर जागा झाला. हा माणूस आज रात्री झोपणार नाही, एवढे मला कळले. भाच्याचे शेजारी मात्र म्हणत होते, "याला आता घरी पाठवा." तोवर डे यांच्या हाताखाली संघ पंचाहत्तरावर सामने खेळला होता आणि त्यांतले फक्त १० हरला होता. त्यांच्या कुटुंबाला धमक्याही आल्या. पुढे सातच आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, याच संघाने नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मग तेच डे सर्वांचे लाडके झाले. माणूस तोच आणि त्याची अक्कलही तीच. सात आठवड्यांत बदलला तो फक्त धावफलक.

परत आल्यावर मी या प्रशिक्षकांविषयी बरेच वाचले. आपल्यातल्या पुष्कळांना उपयोगी पडेल असे त्यात काही सापडले, म्हणून आज हा विषय.

अपेक्षा का वाढल्या?

या पदाला पैसा अमाप आहे. मोठ्या विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षकाला वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर मिळू शकतात. काढून टाकले तरी कराराची उरलेली रक्कम द्यावी लागते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरच्या वर होता. एवढा पैसा ओतणारे लोक निकालासाठी थांबत नाहीत.

अपेक्षा वाढायला आणखी कारणे आहेत. राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम फेरीसाठी पूर्वी ४ संघ निवडले जात, २०२४ पासून १२ निवडले जाऊ लागले. जागा वाढल्या तशा आशा लावून बसणाऱ्यांच्या रांगाही वाढल्या. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले आणि विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. २०२५-२६ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. म्हणजे प्रशिक्षकाने खेळ शिकवावा, नवी मुले आणावीत, आपल्याकडची शंभरएक मुले दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांची मनधरणी करावी आणि देणगीदारांनाही खूश ठेवावे. दिवस मात्र चोवीस तासांचाच!

पेन स्टेट विद्यापीठाचे जेम्स फ्रँकलिन यांचा संघ जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, ओळीने तीन सामने हरल्यावर, त्यांना काढण्यात आले. २०१४ पासून ते तिथे होते.

शरीरात काय होते?

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक साधा विचार मांडला. काम नुसते जास्त असणे तेवढे वाईट नसते. कामाची मागणी मोठी आणि ते कसे करायचे हे ठरवणे आपल्या हाती थोडे, ही जोडी सर्वांत घातक. प्रशिक्षकाचे तसेच होते. संघाचा सराव त्याच्या हाती असतो, पण शेवटच्या मिनिटाला विशीच्या पोराच्या हातून चेंडू निसटला तर तो काय करणार? जबाबदारी मात्र सगळी त्याची.

अशा वेळी ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. वाघ मागे लागला असता हे उपयोगी पडते. पण वाघ रोज सकाळी ऑफिसात आणि रात्री फोनवर भेटू लागला, तर हीच व्यवस्था रक्तवाहिन्यांवर उलटते. त्यात झोप तुटते, जेवणाच्या वेळा चुकतात, चहा-सिगारेट वाढते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला.

दुखणे एक, कारणे निराळी

आता तीन प्रशिक्षकांची हकीकत सांगतो. ती नीट वाचावी.

पहिले अर्बन मेयर. फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांनी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. डिसेंबर २००९ मध्ये, ओळीने २२ सामने जिंकल्यानंतर, त्यांचा संघ अलाबामाकडून हरला. त्याच रात्री घरी त्यांच्या छातीत जोराची कळ आली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. वय ४५. तपासाअंती निघाले, अन्ननलिकेच्या स्नायूंचे आकुंचन. म्हणजे हृदयाचे दुखणे नव्हते.

दुसरे मार्क डँटोनियो, मिशिगन स्टेटचे. १८ सप्टेंबर २०१० च्या रात्री त्यांच्या संघाने नोत्र दामला जादा वेळेत हरवले. आनंदाचा क्षण. आणि थोड्याच वेळात छातीचा त्रास. वय ५४. ते वेळेवर रुग्णालयात पोहोचले. हृदयविकाराचा झटका होता. रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आणि ते वाचले. त्यानंतर २०२० पर्यंत त्यांनी तिथेच काम केले.

तिसरे रँडी वॉकर, नॉर्थवेस्टर्नचे. २००४ मध्ये छातीत दुखले म्हणून त्यांना रुग्णालयात ठेवले होते, तेव्हा हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचे निदान झाले. बरे होऊन ते कामावर परतले. २९ जून २००६ रोजी, हंगाम नसताना, राहत्या घरी छातीत दुखून त्यांचा मृत्यू झाला. वय ५२.

हे सारे ताणामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. आनुवंशिकता, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांचा वाटा मोठा असतो. सांगायचे आहे ते एवढेच, की तिघांचीही तक्रार सारखीच होती: छातीत दुखणे. एकाची अन्ननलिका, दुसऱ्याची रक्तवाहिनी, तिसऱ्याचा आधी सुजलेला हृदयाचा स्नायू. बाहेरून पाहून कोणालाही, अगदी डॉक्टरलाही, नक्की सांगता येत नाही.

माझी एक चूक

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. तरी एकदा चुकलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत क्रीडाशिक्षक असलेले माझे एक स्नेही संध्याकाळी दवाखान्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलींचा खो-खोचा संघ विभागीय स्पर्धेला जायचा होता. ढाल आणल्याशिवाय परत येऊ नका, असे संस्थेत त्यांना ऐकवले होते. म्हणाले, "डॉक्टर, पित्त फार झालंय. छातीत जळजळ आहे, घशाशी दाटल्यासारखं वाटतंय. काहीतरी द्या, उद्या निघायचंय." दवाखान्यात गर्दी होती. मी पातळ औषध दिले आणि म्हटले, "परत आलात की ईसीजी काढू." औषध घेऊन त्यांना तिथेच बरे वाटले. मलाही बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ते घामाघूम होऊन खाली बसले. हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण हृदयाचा पंप कायमचा अधू झाला. पुन्हा त्यांना मुलींबरोबर पळता आले नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दोष माझा होता. ईसीजीला दहा मिनिटे लागली असती.

म्हणून पुढचे मुद्दे कात्रण करून ठेवावेत:

१. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, जळजळ, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम, धाप यांपैकी काहीही झाले, तर प्रथम हृदय समजावे. पित्त हे निदान तपासणीनंतर करावे.

२. पित्ताच्या औषधाने किंवा सोड्याने बरे वाटले, म्हणजे हृदय निर्दोष ठरत नाही. जिभेखालच्या गोळीने हृदयाचे दुखणे थांबते तसे अन्ननलिकेचे आकुंचनही थांबते. आराम पडणे हा पुरावा नव्हे.

३. पहिला ईसीजी चांगला आला तरी गाफील राहू नये. डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर थांबावे. काही तासांनी पुन्हा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करावी लागते.

४. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. १०८ ला फोन करावा. जवळ ईसीजीची सोय कुठे आहे, हे आजच विचारून ठेवावे.

५. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात कळ न येता नुसती धाप, मळमळ किंवा एकाएकी थकवा एवढेच दिसू शकते.

६. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि चरबीची तपासणी वर्षातून एकदा करावी. ताणाच्या नोकरीत असाल तर तंबाखू पूर्ण बंद.

घरच्यांचा करार

मेयर यांनी २०१० च्या अखेरीस फ्लोरिडाचे काम सोडले. वर्षभराने ओहायो स्टेटने बोलावले, तेव्हा घरच्यांनी त्यांना सहजासहजी सोडले नाही. मुलीने कागदावर अटी लिहिल्या आणि वडिलांची सही घेतली. कुटुंब आधी, दिवसातून तीन वेळा जेवण, ऑफिसच्या तासांना मर्यादा, झोपताना फोनचा आवाज बंद, अशा त्या अटी. पुढे त्यांनी तिथेही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ च्या डिसेंबरात मात्र तीव्र डोकेदुखीमुळे निवृत्ती जाहीर केली. मेंदूलगत द्रवाची एक पिशवी होती आणि ताणाने त्यांचे दुखणे बळावत असे. डे यांना हे पद मिळाले ते त्यांच्याच जागी.

करार पुरता पाळला जाईलच असे नाही. पण ज्या घरात असा कागद लिहिला जातो, त्या घराने दुखणे ओळखलेले असते. आपल्याकडेही वसुलीचा आकडा, दहावीचा निकाल, दुकानाची उधारी यांत अडकलेली माणसे घरोघरी आहेत. त्यांच्या मुलांनी आज रात्री असा एक कागद लिहायला हरकत नाही. पहिली अट आमच्या तर्फे: छातीत दुखले, तर घरात कोणापासूनही लपवायचे नाही.

माझे ते स्नेही आता निवृत्त आहेत. संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, नव्या मुलींना सूचना देतात. त्या वर्षीची ढाल त्यांच्या संघाला मिळाली नव्हती. कोणाला मिळाली, हे आता शाळेतही कोणाला आठवत नाही.