भूमिपरीक्षेचा कायदा : अमेरिकेतील मेन राज्याचा अनुभव आणि आपण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भावांचे विवेचन आले आहे. त्यांपैकी ‘देश’ या भावाचे भूमी आणि आतुर असे दोन अर्थ तेथे सांगितले आहेत. भूमीची परीक्षा दोन हेतूंनी करावयाची असते : रोगी कोणत्या भूमीत जन्मला, वाढला व व्याधिग्रस्त झाला हे जाणण्यासाठी, आणि औषधी कोणत्या भूमीत उगवली हे जाणण्यासाठी. पदवीच्या अभ्यासात हा विषय आपण सर्वांनीच वाचलेला असतो. व्यवहारात मात्र रोग्याचे गाव केसपेपरवर लिहिले आणि औषधीचे नाव बिलावर आले की भूमिपरीक्षा संपते.

हीच परीक्षा एखाद्या राज्याने कायदा करून हाती घेतली, तर काय निष्पन्न होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन या राज्याने २०२१ पासून घालून दिले आहे. वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधी निर्मात्यांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मैलागाळ शेतात कसा आला?

शहराचे सांडपाणी शुद्ध करताना टाक्यांच्या तळाशी जो घट्ट गाळ उरतो, त्यास आम्ही येथे मैलागाळ म्हटले आहे. आपल्याकडील सोनखताची कल्पना सर्वांस परिचित आहे. परंतु सोनखत आणि आजचा मैलागाळ यांत महत्त्वाचा भेद आहे. सोनखतात मनुष्याचा मळ असे. मैलागाळात त्याबरोबरच कारखाने, धुलाईगृहे, रुग्णालये आणि घरातील मोरी यांतून वाहून आलेले सर्व काही असते.

अमेरिकेत १९७२ च्या जलशुद्धीविषयक कायद्यानंतर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे वाढली आणि त्याच प्रमाणात गाळही वाढला. त्यात नत्र व स्फुरद असल्याने तो शेतकऱ्यांना खत म्हणून अल्प दरात वा विनामूल्य दिला जाऊ लागला. १९९३ मध्ये तेथील केंद्रीय पर्यावरण संस्थेने त्यासाठी नियम केले. आर्सेनिक, कॅडमियम, तांबे, शिसे, पारा, मॉलिब्डेनम, निकेल, सेलेनियम व जस्त या नऊ धातूंच्या मर्यादा त्यात आहेत. जे या यादीत नव्हते ते कोणी मोजले नाही.

चिरस्थायी द्रव्ये

न मोजल्या गेलेल्या पदार्थांपैकी एक मोठा गट पीएफएएस या नावाने ओळखला जातो. आयुर्वेदात ‘रसायन’ शब्दास विशिष्ट अर्थ असल्याने येथे त्यांस ‘चिरस्थायी द्रव्ये’ म्हणणे आम्हास सोयीचे वाटते. १९४० च्या दशकापासून वापरात आलेली ही हजारो मानवनिर्मित संयुगे आहेत. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारे कापड, तेल न झिरपणारा कागद, क्रोमचा मुलामा देण्याचे काम आणि आग विझविण्याचा फेस यांत त्यांचा उपयोग होत आला आहे. कार्बन व फ्लोरीन यांचा अत्यंत बळकट बंध हे त्यांचे वैशिष्ट्य होय. ऊन, पाऊस व मातीतील जिवाणू यांच्याकडून हा बंध सहजासहजी तुटत नाही. मैलागाळातून ही द्रव्ये जमिनीत, जमिनीतून विहिरीत व चाऱ्यात, आणि चाऱ्यातून दुधात जातात. लहान साखळीची संयुगे पानांपर्यंत अधिक सहज चढतात. लांब साखळीची माती व मुळांशी अधिक राहतात.

मेनमधील घटनाक्रम

२०१६ मध्ये मेनमधील अरंडेल या गावी एका दुग्धशाळेजवळील सार्वजनिक विहिरीत ही द्रव्ये आढळली. शोध घेता त्या शेतात पूर्वी अनेक वर्षे मैलागाळ टाकला गेल्याचे निष्पन्न झाले, आणि दुधातही ती सापडली. २०१७ मध्ये राज्याने दुधातील पीएफओएस या द्रव्यासाठी प्रतिलिटर २१० नॅनोग्रॅम ही कारवाईची मर्यादा ठरविली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. २०२० मध्ये फेअरफील्ड या गावच्या शेतात व परिसरातील विहिरींत तोच प्रकार आढळला. कागदगिरण्यांचा गाळ आणि त्या गिरण्यांचे सांडपाणी ज्या केंद्रांत जाई तेथील गाळ, हे तेथील दूषणाचे एक मोठे कारण ठरले.

यानंतर २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मैलागाळ पसरलेल्या जमिनी व तेथील भूजल यांच्या तपासणीचा कायदा केला. त्याची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

(१) नोंद : मेनमध्ये गाळ पसरण्यास राज्याचा परवाना लागत असे. त्यामुळे कोणत्या जमिनीवर गाळ गेला, याचे जुने कागद उपलब्ध होते. त्यावरून शेकडो जागांची सूची तयार झाली.

(२) क्रम : सर्व जागा एकाच वेळी तपासणे अशक्य होते. म्हणून किती गाळ पडला, जवळ किती घरे आहेत आणि गाळात ही द्रव्ये असण्याचा संभव किती, हे पाहून चार श्रेणी केल्या गेल्या. ज्या श्रेणीत धोका अधिक, तिची तपासणी आधी.

(३) मुदत : २०२५ अखेर तपासणी पूर्ण करावी असे कायद्यातच लिहिले गेले.

(४) खर्च : गाळाची विल्हेवाट लावणाऱ्यांवर शुल्क बसवून तपासणीस निधी मिळविण्यात आला. विहीर दूषित निघालेल्या घरी राज्याने गाळणयंत्रे बसविली. पिण्याच्या पाण्यासाठी सहा द्रव्यांची मिळून प्रतिलिटर २० नॅनोग्रॅम ही अंतरिम मर्यादा त्याच वर्षी ठरली होती.

२०२२ मध्ये राज्याने दोन पावले आणखी टाकली. शेतात मैलागाळ व त्यापासून केलेले खत टाकण्यास पूर्ण बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. तसेच बाधित शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. उत्पन्नाची भरपाई, जमीनखरेदी, संशोधन आणि बाधितांच्या आरोग्याची देखरेख ही त्याची प्रयोजने आहेत.

या बंदीची किंमतही सांगितली पाहिजे. शेतात न गेलेला गाळ कचराभूमीत न्यावा लागला. तेथे ओला गाळ स्थिर राहण्यासाठी लागणारा कोरडा भराव अपुरा पडला, आणि २०२३ मध्ये काही गाळ शेजारच्या कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात पाठवावा लागला. कचराभूमीतून झिरपणाऱ्या पाण्यातही हीच द्रव्ये असतात. सारांश, बंदीने शेत वाचते, द्रव्य नष्ट होत नाही. त्याचा उगमच थांबविणे हा निदानपरिवर्जनाचा मार्ग शेवटी उरतोच.

केंद्रीय पातळीवर अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीएफओए व पीएफओएस यांची मर्यादा प्रत्येकी प्रतिलिटर ४ नॅनोग्रॅम ठरविली. जानेवारी २०२५ च्या मैलागाळविषयक मसुद्यात, गाळात या दोहोंपैकी एकाचे प्रमाण किलोमागे १ मायक्रोग्रॅम असले तरी अशा शेतावर राहून तेथीलच अन्नपाणी घेणाऱ्यांना काही परिस्थितींत धोका संभवतो, असा अंदाज मांडला गेला.

रोग्याच्या बाजूने भूमिपरीक्षा

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये चिकित्सकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. लसीनंतर प्रतिपिंडे कमी निर्माण होणे, रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडणे, गर्भ व अर्भक यांची वाढ कमी होणे आणि वृक्काचा कर्करोग, यांच्याशी या द्रव्यांचा संबंध असल्याचा पुरेसा पुरावा तेथे मानला आहे. रक्तरसातील एकूण प्रमाण मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास अपाय अपेक्षित नाही. २ ते २० मध्ये गर्भिणीसारख्या संवेदनशील व्यक्तींना अपाय संभवतो. २० च्या वर धोका वाढतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने पीएफओए हे द्रव्य मनुष्यास कर्करोगकारक ठरविले.

शरीरातून ही द्रव्ये अतिशय मंदगतीने बाहेर पडतात. संपर्क पूर्ण थांबल्यावर प्रमाण निम्मे होण्यास काही वर्षे लागतात. हा कालावधी चार वर्षांचा धरला, तर २० चे १० होण्यास चार वर्षे आणि ५ होण्यास आठ वर्षे लागतील.

हे वर्णन वाचताना दूषीविषाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शरीरात वर्षानुवर्षे राहणारे, तत्काळ प्राण न घेणारे, कफाने आवृत असे विष सुश्रुताने कल्पस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात वर्णिले आहे. साम्य आहे, पण सीमाही आहे. दूषीविष हे जीर्ण झाल्याने, ऊन-वाऱ्याने वा अगदांनी हतवीर्य झालेले विष होय. ही द्रव्ये मात्र जीर्ण होतच नाहीत. म्हणून दूषीविषाची कल्पना रोग समजण्यास उपयोगी पडेल, परंतु दूषीविषाची चिकित्सा येथे लागू पडेलच असा दावा तिच्या आधारे करता येणार नाही.

हे स्पष्ट लिहिण्यास कारण आहे. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने हवे ते विकले जाण्याचा हा काळ आहे. ऑस्ट्रेलियातील अग्निशामक जवानांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभर ठरावीक अंतराने रक्त वा रक्तरस दान केल्यास पीएफओएसचे प्रमाण घटते असे दिसले. हे वाचून जळूच्या रक्तमोक्षणाचे तेच फल सांगण्याचा मोह कोणासही होईल. पण तेथे काढलेल्या रक्ताचे परिमाण ठरलेले होते आणि आधी व नंतर मापन झाले होते. असे मापन केल्याशिवाय पंचकर्माने ही द्रव्ये निघतात असे रोग्यास सांगणे उचित नव्हे. स्तन्यातून ही द्रव्ये बाळास मिळतात हे खरे. तथापि स्तन्यपानाचे लाभ मोठे असल्याने ते सरसकट थांबविण्याचा सल्लाही देऊ नये.

औषधाच्या बाजूने भूमिपरीक्षा

औषधी निर्मात्यांनी २००४ हे वर्ष विसरू नये. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी त्या वर्षी अमेरिकी वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर, १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली. आधी परक्यांनी मोजले, मग आपण नियम केले. चिरस्थायी द्रव्यांच्या बाबतीत हा क्रम उलट करता येईल.

प्रथम धातूंचेच पाहू. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात किलोमागे शिसे १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. वनस्पतिज औषधात मात्र शिसे १० व कॅडमियम ०.३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. खत मातीत मिसळून विरळ होते आणि वनस्पती त्यातील काही अंशच घेते हे खरे; परंतु तेच खत वर्षानुवर्षे पडत राहिल्यास धातू जमिनीत साठतात. खत नियमात बसले म्हणजे औषधी नियमात बसेलच असे गृहीत धरू नये. शिवाय या दोन्ही याद्यांत चिरस्थायी द्रव्यांचा समावेश नाही.

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या भूमिप्रविभागीय अध्यायात बिळे, वारुळे, स्मशान, वधस्थान अशा जागांवरील औषधी वर्ज्य केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींना मानवी मळाचे खत न घालण्याचे सांगितले, आणि युरोपीय औषध संस्थेने २००६ मध्ये मैलागाळाने दूषित जमिनीत त्यांची लागवड वर्ज्य ठरविली. ब्राह्मी, मंडूकपर्णी व वेखंड या ओलसर जागी वाढणाऱ्या वनस्पतींविषयी तर विशेष दक्षता हवी. गावाबाहेरच्या नाल्याकाठीही त्या जोमाने येतात, आणि ब्राह्मी जड धातू शोषून घेते हे ज्ञात आहे.

यास्तव कच्चा माल घेताना पुढील माहिती नोंदवहीत लिहून घ्यावी, असे आम्ही सुचवितो.

(१) गाव, शेताचा गट क्रमांक, व लागवड की रानातील संकलन.
(२) गेल्या दहा वर्षांत त्या जमिनीस शहरी कंपोस्ट, मैलागाळ वा कारखान्याचा गाळ दिला होता काय.
(३) पाणी विहिरीचे, कालव्याचे की नाल्याचे.
(४) जवळपास मुलामा देण्याचा, कागदाचा वा कापड-प्रक्रियेचा कारखाना आहे काय.
(५) मुळे असल्यास ती कोणत्या पाण्याने व कितीदा धुतली.

निर्मितीशाळेतील पाण्याची परीक्षाही तितकीच आवश्यक आहे. उकळल्याने ही द्रव्ये उडून जात नाहीत. सोळापट पाणी घालून अष्टमांश उरविलेल्या क्वाथात, पाण्यातील न उडणारे द्रव्य आठपटीपर्यंत दाट होऊ शकते. घन व अवलेह यांत त्याहून अधिक. अशा पाण्यास कोळशाचे योग्य गाळणयंत्र वा आरओ उपयोगी पडते; केवळ कापडाने गाळणे नव्हे.

चिरस्थायी द्रव्यांची तपासणी खर्चिक आहे, आणि प्रत्येक लहान फार्मसीस ती झेपणार नाही. परंतु मेनच्या कायद्यातही पहिले पाऊल प्रयोगशाळेचे नव्हते, नोंदवहीचे होते. कोणत्या जमिनीवर काय पडले हे कागदावर होते, म्हणून कोठे मोजावे हे कळले. आपल्या नोंदी नीट असतील, तर संशयित जमिनीतील मोजकेच नमुने अनेक निर्मात्यांनी मिळून तपासणे शक्य होईल.

सारांश

भूमी ही रोग्याची आणि औषधाची सामाईक माता आहे. तिच्यात पडलेले द्रव्य दोघांतही उतरते. वैद्याने रोग्यास त्याचे अन्न व पाणी कोठून येते हे विचारावे. निर्मात्याने औषधीस तिची जमीन विचारावी. आणि उत्तर मिळेल ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.