डायलिसिसचा हिशेब

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, कमरेच्या जरा वर, एकेक मूत्रपिंड असते. घरोघर त्याला आता किडनी म्हणतात. आकार म्हणाल तर मुठीएवढा. काम मात्र मोठे. रक्तातली घाण आणि जास्तीचे पाणी ही दोन मूत्रपिंडे रात्रंदिवस गाळून काढतात. तीच लघवी.

मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांनी मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. अंगदुखीवर वर्षानुवर्षे आपल्याच मनाने गोळ्या घेतल्या तर त्याही बाधतात. घोणस चावली तर मूत्रपिंडे एकाएकी बंद पडू शकतात. पण अशा वेळी काही दिवस डायलिसिस केल्यावर ती पुन्हा चालू होण्याची आशा असते. तेव्हा साप चावलेल्या माणसाला डॉक्टरांनी डायलिसिस सांगितले, तर 'हे आता जन्माचे मागे लागले' असे समजून त्याला घरी आणू नका.

मूत्रपिंडे कायमची गेली तर मात्र दोनच वाटा. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घ्यायचे, नाही तर डायलिसिस करायचे. डायलिसिस म्हणजे रक्त यंत्रातून धुऊन घेणे. हातातल्या शिरेतून रक्त नळीने बाहेर येते, गाळणीतून जाते आणि शुद्ध होऊन परत अंगात येते. एका वेळेला सुमारे चार तास लागतात आणि आठवड्यातून तीनदा जावे लागते. एका वेळेला सुमारे १२० लिटर अगदी शुद्ध केलेले पाणी लागते. शिवाय न खंडणारी वीज हवी आणि शिकलेला माणूस हवा. यंत्रे शहरात आणि जिल्ह्याच्या गावी जास्त व खेड्यापाड्यांत कमी का, ते यावरून कळेल. पोटात औषधी पाणी सोडून घरच्या घरी करायचा डायलिसिसही असतो. लांबच्या रोग्याने त्याची चौकशी जरूर करावी.

आता पाटी घ्या. वर्षाचे आठवडे ५२. तीनने गुणले की १५६ खेपा. २०१६ सालच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात अर्थमंत्र्यांनी एका वेळेचा खर्च सुमारे २,००० रुपये धरला होता. गुणाकार करा. ३,१२,००० रुपये झाले. शेतमजुराने एवढे आणायचे कोठून? देशात तेव्हा सुमारे ४,९५० केंद्रे होती. त्यांतली बरीचशी खाजगी होती आणि गरजेच्या निम्मीही सोय त्यांतून होत नव्हती, असेही त्याच भाषणात सांगितले होते. म्हणून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. दारिद्र्यरेषेखालच्या रोग्याला तेथे पैसे पडत नाहीत. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतो. २०२३ साली शासनाने ही योजना सर्व रेशनकार्डधारकांसाठी करण्याचे ठरवले आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठेवली.

मग अडले कोठे? पुन्हा पाटी घ्या. समजा, एका खेपेला रोगी आणि सोबतचा माणूस यांचे गाडीभाडे, चहापाणी आणि बुडालेली मजुरी मिळून ७०० रुपये गेले. १५६ ने गुणा. १,०९,२०० रुपये! दवाखान्यात एक पैसा दिला नाही, तरी घरातून लाखावर गेले. शासनाने यंत्रे बसवली हे चांगलेच केले. पण त्या यंत्रापर्यंत पोचण्याचा खर्चही औषधपाण्यातच धरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा खर्च झेपेना की माणसे आधी एक खेप चुकवतात. बरे वाटत असते ना! मग दुसरी चुकते. पायावर सूज येते, दम लागतो, रात्री आडवे होता येत नाही. रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार साठतो आणि हृदय एकाएकी बंद पडू शकते. हा क्षार शहाळ्यात आणि केळ्यात पुष्कळ असतो. आपण आजाऱ्याला भेटायला जाताना नेमके तेच घेऊन जातो! ते परत न्यायला सांगितले तर पाहुण्यांनी राग मानू नये.

डॉक्टरांनी 'पुढे डायलिसिस लागेल' असे सांगितले की त्याच आठवड्यात कामाला लागावे. रेशनकार्ड व आधारकार्ड यांवरची नावे जुळतात का ते पाहावे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावे. हातावरची शिर जोडण्याची लहान शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी, कारण ती शिर तयार व्हायला काही आठवडे जातात. पुढे त्या हाताला दुसरी सुई टोचू देऊ नये. डायलिसिसला जाणाऱ्या रोग्याला आणि सोबत्याला रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. एस. टी.च्या सवलतीची आगारात चौकशी करावी. आणि केंद्रात नाव घालतानाच सांगावे, "साहेब, आमच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. त्याआधी मोकळे होऊ अशी पाळी द्या."