होडीच्या तळातली वाफ

मोटारगाडीच्या टाकीतून पेट्रोल ठिबकू लागले, तर ते रस्त्यावर पडते आणि त्याची वाफ वाऱ्याने उडून जाते. मोटारबोटीत पेट्रोल ठिबकले, तर ते कोठे जाईल? बाहेर पडायला वाट नाही; तळाला भोक असते तर बोटच बुडाली असती! बोट म्हणजे एक मोठी वाटी. वाटीत सांडलेले वाटीतच राहते. बोटीच्या इंधनव्यवस्थेत जे जे वेगळे दिसते, त्यातले बरेचसे या साध्या गोष्टीमुळे आहे.

पेटते ते पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ. उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ देते, मग आपल्या हवेत तर विचारूच नका. डिझेलचे तसे नाही. नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारच थोडी होते. कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या मोठ्या बोटी डिझेलवर चालतात, त्यामुळे तेथे हा धोका कमी. पण लहान होडीच्या मागे अडकवलेले आउटबोर्ड इंजिन बहुधा पेट्रोलवर चालते.

आता ही वाफ जाते कोठे? हवेचा सरासरी रेणुभार 29 आहे. पेट्रोलमधल्या ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे 8 व हायड्रोजनचे 18 अणू असतात, म्हणून त्याचा रेणुभार (8 × 12) + 18 = 114. पेट्रोलमधले हलके घटक, उदाहरणार्थ 72 रेणुभाराचे पेंटेन, आधी उडतात. तरीही वाफ हवेच्या अडीच ते चौपट जड भरते. ती पाण्यासारखी खाली उतरते आणि तळाशी पसरून राहते.

हे वर्गात पाहता येईल, मात्र पेट्रोल घेऊन नव्हे! एका खोल भांड्यात एक आखूड व एक उंच अशा दोन मेणबत्त्या लावा. दुसऱ्या भांड्यात खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओता आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड, द्रव सांडू न देता, हळूहळू पहिल्या भांड्याच्या कडेवरून ओता. आखूड मेणबत्ती आधी विझेल. या वायूचा रेणुभार अवघा 44, हवेच्या दीडपट. तोही तळापासून भांडे भरत येतो. मग पेट्रोलची वाफ काय करील, हे तुम्हीच सांगा.

किती पेट्रोल सांडले तर धोका? एक कपभर, 100 मिलिलिटर धरा. ते ऑक्टेनच आहे असे मानले तर त्याचे वजन सुमारे 70 ग्रॅम. 70 ला 114 ने भागून येणाऱ्या संख्येला 24.5 लिटरने गुणले की वाफ येते सुमारे 15 लिटर. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की मिश्रण पेटू शकते. 15 लिटर वाफ सुमारे 1000 लिटर, म्हणजे एक घनमीटर हवेला पेटण्याजोगी करते. लहान बोटीची इंजिनाची खोली भरायला तेवढे पुरते. वाफ साडेसात टक्क्यांच्या वर गेली तर मिश्रण पेटत नाही, पण त्यावर विसंबू नये. झाकण उघडताच ताजी हवा आत शिरते आणि ते पुन्हा पेटण्याजोगे होते.

म्हणून इंजिन बंदिस्त जागेत असलेल्या पेट्रोलच्या बोटीत पंखा बसवतात, आणि त्याच्या नळीचे तोंड तळाजवळ ठेवतात. वर ठेवले तर चांगली हवा बाहेर जाईल आणि वाफ तळाशीच राहील. इंजिन सुरू करण्यापूर्वी हा पंखा किमान चार मिनिटे चालवावा, असे अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे सांगणे आहे. त्यानंतरही झाकण उघडून तळाशी वास घ्यावा. पंखा वाफ काढतो, सांडलेले पेट्रोल नाही. ते फडक्याने टिपूनच काढावे लागते. अशा बोटीचा स्टार्टर व इतर विजेची साधने ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही अशी बनवलेली असतात. मोटारगाडीचा स्टार्टर स्वस्त पडतो म्हणून तो बोटीला बसवणे ही जिवावरची काटकसर आहे.

कार्ब्युरेटरवरची ज्वालारोधक जाळी तर तुमच्या ओळखीची निघेल. हम्फ्री डेव्हीने 1815 साली खाणकामगारांसाठी जो दिवा बनवला, त्याच्या जाळीचेच हे तत्त्व. ज्वाला धातूच्या बारीक फटींतून जाताना तिची उष्णता धातू शोषून घेतो, आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापत नाही.

सुटी टाकी भरायची ती बोटीत नव्हे, धक्क्यावर जमिनीला टेकवून. सांडले तरी वाटीत सांडत नाही. नळीतून वाहताना पेट्रोलमध्ये स्थितिक विद्युत साठते, म्हणून नळीचे धातूचे तोंड टाकीच्या तोंडाला टेकलेले असावे. टाकी काठोकाठ भरू नये. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग प्रसरण पावते. 25 लिटर पेट्रोल उन्हात 20 अंशांनी तापले, तर अर्धा लिटर जास्तीची जागा मागते!

टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. इंजिन चालू असताना तो उघडा हवा. बंद राहिला तर पेट्रोल उपसले जाईल तसा टाकीतला दाब उतरतो, नळीवरचा रबरी फुगा चपटा होतो आणि इंजिन भर खाडीत बंद पडते. पुष्कळांना वाटते की इंजिन बिघडले.

एक काळजी अलीकडची. भारतात 2025 साली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी थर करतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते, तेव्हा इंजिनाला आधी मिळतो तो हाच थर. जुन्या प्रतीचे रबरही इथेनॉलने मऊ पडते किंवा तडकते. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या टाकीतले जुने पेट्रोल म्हणून वापरू नये. नळी वाकवून तडे पाहावेत, फुगा इंजिनाकडचा बाण वर धरून घट्ट होईपर्यंत दाबावा आणि इंजिनाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. फडक्याला पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी होडी पाण्यात न्यायची नाही.