पत्रा शाबूत, छप्पर गायब

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला दुपारी आमच्या किनाऱ्यावरून गेलं. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या एका घराचं छप्पर शेजारच्या सुपारीच्या वाडीत सापडलं. निळे पत्रे, रंगसुद्धा न उडालेला. थोडे वाकले होते, बाकीचे सरळ पुन्हा घालता आले असते. स्क्रूच्या भोकांजवळ मात्र प्रत्येक पत्रा लांबट फाटला होता, आणि घरावर उभ्या राहिलेल्या पाइपांत डोकी झडलेले स्क्रूंचे खुंट गंजून रुतलेले होते. पत्रा टिकला, पाइप टिकला. दोघांना धरून ठेवणारी, दुकानात वजनावर मिळणारी वस्तू गेली आणि घर उघडं पडलं.

मी दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते. मुंबई-पुण्याला गेलेल्या भावकीच्या घरांच्या चाव्या माझ्याकडे असतात. त्यामुळे त्यांची गळती, ओल, वाळवी आधी मला दिसते आणि फोनही मलाच करावा लागतो. इतकी छपरं आतून-बाहेरून बघून माझं एक मत पक्कं झालंय. समुद्राकाठी छप्पर जातं ते जोडापाशी, कडेला आणि कोपऱ्यात. पैसे मात्र मधल्या भागावर खर्च होतात. पत्र्याचा रंग कोणता यावर घरात महिनाभर खल चालतो, आणि स्क्रूंबद्दल एकच वाक्य: ‘तुमच्याकडचेच टाका.’

वारा छप्पर दाबतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वेगाने वाहणारा वारा छपराच्या बऱ्याच भागाला वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांत सगळ्यांत जास्त असते. भारतीय मानक ब्युरोच्या वाऱ्याविषयीच्या संहितेत, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, कडा आणि कोपरे यांचा हिशेब वेगळा धरायला सांगितलाय तो यासाठीच. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. निसर्गचा वारा किनाऱ्यावर आला तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. तेव्हा ‘वीस पावसाळे काही झालं नाही’ हा दाखला वादळापुढे चालत नाही. कारागीर सगळीकडे सारख्या अंतराने स्क्रू मारत जातो, कारण ते सोपं पडतं. त्याला आधीच सांगा, मध्ये एक उंचवटा सोडून चालेल, पण कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. आणि उंचवट्यावरच हवा. खोलगट भागात मारला तर वॉशर झिजला की तिथूनच गळणार.

पडवीचं छप्पर ही दुसरी नाजूक जागा. पडवी तीन बाजूंनी उघडी, वारा खालून शिरतो. हल्ली मुख्य छपराचेच पत्रे लांब घेऊन पडवी झाकायची पद्धत पडलीय. दिसायला बरं, जोडही वाचतो. पण वादळात पडवी उचलली गेली की ती माजघराचं छप्पर सोबत घेऊन जाते. पडवीचा सांगाडा आणि पत्रा वेगळा ठेवा. गेली तर तेवढीच जाईल.

सांगाडा भिंतीला कसा धरलाय तेही बघा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीत सगळ्यात वरच्या थरात बोल्ट ठोकून काम उरकतात. वारा मग बोल्ट उपटत नाही, चिऱ्यासकट वर घेऊन जातो. भिंतीच्या माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवून त्यात बोल्ट आधीच ओतून घेतलेली घरं आमच्याकडे सांगाड्यानिशी उभी राहिली.

वादळात दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वारा आरपार निघून जातो, असं अजूनही सांगणारे आहेत. ऐकू नका. वाऱ्याच्या तोंडचं दार उघडं राहिलं की घरात हवा कोंबली जाते, ती छपराला खालून ढकलते आणि वरचा वारा ओढतच असतो. अडसर घाला.

वादळ एखाद्या वर्षी येतं, खारा वारा रोज. लाटा फुटताना उडालेले खाऱ्या पाण्याचे बारीक कण वाऱ्याबरोबर येऊन छपरावर बसतात. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही लोखंड पहाटे ओलं असतं. आता गंमत बघा. पावसात सतत धुऊन निघणारा पत्र्याचा वरचा भाग जास्त टिकतो. गंज आधी धरतो तो पाऊस पोचत नाही तिथे: वळचणीचा खालचा भाग, पन्हळीमागची पट्टी, पत्र्यावर पत्रा चढतो तिथली फट, पडवीचे पाइप. दिवाळीपासून मृगापर्यंत पाऊसच नाही, म्हणजे मीठ साचत राहणार. या महिन्यांत दोन-तीनदा तरी नळी लावून वळचण खालून आणि पत्रा वरून गोड्या पाण्याने धुवावा. विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये मचूळ होत असेल तर ते वापरू नका, नाहीतर मिठावर मीठच चढवाल.

वादळानंतरच्या त्या पावसाळ्यात वीज नव्हती, टाळेबंदी होती, गावभर निळी ताडपत्री दिसत होती. ज्याला जे मिळालं ते त्याने घातलं. त्याबद्दल कुणाला नावं ठेवणार? पण त्या घाईतली कामं नंतर बोलायला लागली. एका घराच्या बिलावर ‘एसएस स्क्रू’ असं स्वच्छ लिहिलं होतं, भावही तसाच लावला होता. फारसे पावसाळे झाले नाहीत तोच प्रत्येक डोक्याखालून तांबडी धार उतरली. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं चुंबक नेऊन लावलं, टक्कन चिकटलं. कारागीर म्हणाला, ‘ताई, स्टेनलेसच आहे.’ तो खोटं बोलत होता असंही नाही. ४१० जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, कडक असतं म्हणून थेट पाइपात भोक पाडत जातं, आणि खाऱ्या हवेत लवकर गंजतं. ३०४ आणि ३१६ या जाती चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे अधिक टिकतं. पण या जाती मऊ, त्यांनी लोखंडात भोक पडत नाही, आधी ड्रिल मारावं लागतं किंवा टोकाला कडक पोलाद जोडलेले स्क्रू आणावे लागतात. कारागीर टाळतात ते यामुळे.

बिलावर नुसतं ‘एसएस’ नको, जात लिहून घ्या. त्याहीआधी पत्र्याच्या कंपनीला विचारा की या पत्र्याला कोणता स्क्रू चालतो. हल्लीच्या बऱ्याच रंगीत पत्र्यांखाली अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असतो, आणि समुद्राकाठी त्यावर स्टेनलेस नको असं सांगणाऱ्याही कंपन्या आहेत. वेगवेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांतला एक वेगाने झिजतो, आणि झिजणारा बहुतेकदा पत्रा असतो. याच कारणाने एसीच्या तांब्याच्या नळीचं पाणी अशा पत्र्यावर ठिबकू देऊ नये.

कामाच्या दिवशी मी स्वतः खाली उभी राहते, आणि ग्राइंडरचा आवाज आला की वर हाक मारते. ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचा मुलामा जळतो. शिवाय उडालेले लोखंडाचे तापलेले कण पत्र्यावर चिकटून बसतात आणि पहिल्याच दवात प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उमटतो. पत्रा कात्रीने कापावा, आणि ड्रिलचा भुसा संध्याकाळी घरी जायच्या आधी झाडून काढावा. वेल्डिंगच्या सांध्यावरची काजळी तारेच्या ब्रशने घासून त्यावर जस्ताचा प्रायमर लावून घ्यावा. नुसता रेड ऑक्साइड फासून वर सिल्व्हर मारलेला सांधा इथे टिकत नाही. पाइपांची उघडी तोंडं बंद करून घ्या, कारण पाइप आतून गंजतो तो बाहेरून दिसतच नाही.

हे वाचून ‘मग कौलंच बरी’ असं कुणाला वाटलं तर मी अर्धी सहमत आहे. मंगलोरी कौल मुळात किनाऱ्याचंच. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ते सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. कौलाला गंज नाही. निसर्गमध्ये कौलारू घरांची कौलं पत्त्यांसारखी उडाली खरी, पण आमच्या आळीत वासे आणि आढं बहुतेक जागेवर राहिले, आणि ज्यांच्याकडे गोठ्यामागे जुन्या कौलांची थप्पी होती त्यांनी पाऊस धरायच्या आत घर झाकून घेतलं. बाकीच्यांना बाजारात कौल मिळत नव्हतं, मिळालं तर बसत नव्हतं. प्रत्येक कारखान्याच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात. पाठीवर छाप असतो, तो बघून त्याच छापाची शे-दोनशे कौलं जपून ठेवावीत. जुनं घर पाडणारा कौलं फुकट द्यायला तयार असतो, तेव्हा टेम्पो करावा. घेताना कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं. बद्द वाजणारं पाणी पितं, आणि त्याबरोबर आत शिरलेलं मीठ सुकताना त्याचे पापुद्रे काढतं.

कौलांची ताकद त्यांच्या वजनात आहे, आणि कडेला ते वजन पुरत नाही. पोटाशी भोकाचा कान असलेली कौलं वळचणीच्या, कडेच्या आणि आढ्यालगतच्या ओळींत रिपांना तारेने बांधून घ्या. साधी बांधणीची तार दोन पावसाळ्यांत तुटते. इथे मात्र स्टेनलेसची तार बिनधास्त वापरा. आढ्यावरच्या कौलांखालचा सिमेंटचा थर उन्हाने तडकतो आणि पाणी नेमकं आढ्याच्या लाकडावर उतरतं, म्हणून शाकारणीला माणूस चढला की तिथली प्रत्येक चीर दाखवायला सांगा. रिपांना साधे खिळे असतील तर तेही गंजून बारीक झालेले असतात. कौल शाबूत दिसतं, रीप मात्र नुसती टेकलेली असते. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत चांगली आहे, वाळवी आणि ओल दोन्हींना आवर बसतो. हाताला मात्र लागू देऊ नका, फोड येतात. आणि माकडं असलेल्या गावात कौलांचा खर्च दरवर्षीचा, हे धरूनच चाला.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर चढू नका, चढवू नका. ते वरून भक्कम दिसतात आणि पायाखाली फुटतात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणून कोरडे कापू किंवा घासू नयेत, काढतानाही पाणी मारून अख्खे उतरवावेत.

स्लॅबवाल्यांना वाटतं आपण सुटलो. समुद्राकाठच्या स्लॅबमध्ये मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालचं प्लास्टर ढलप्यांनी पडतं. आयएस ४५६ किनारी हवेत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट मागतं. आमच्याकडच्या जुन्या स्लॅबांत पंधरा-वीस असेल तर नशीब, आणि त्यातली वाळूही बरेचदा खाडीची. पडलेल्या जागी नुसतं नवं प्लास्टर मारून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सळईच्या मागपर्यंत सैल काँक्रीट फोडायचं, गंज साफ करायचा, झिजलेल्या सळईला जोड द्यायचा, मग भरायचं. स्लॅबवर पत्र्याची शेड मारून गळती थांबते, सळईचा गंज थांबतोच असं नाही.

काम कधी काढायचं? मे महिन्यात नको. चाकरमानी तेव्हाच येतात, सगळ्यांना मृगाच्या आधी छप्पर हवं असतं, आणि कारागीर एका दिवसात दोन घरं उरकतो. पौष-माघात हाक मारलीत तर माणूस मिळतो आणि भावही ऐकतो. पाहणी मात्र वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास. अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. २०२१ चं तौक्ते मे महिन्यात आलं, फयान २००९ च्या नोव्हेंबरमध्ये. वर चढणाऱ्याने शेवाळ वाळलेलं असताना चढावं, कौलांवर आडवी शिडी टाकून वाशाच्या रेषेत पाय ठेवावा. पत्र्याचं छप्पर असेल तर विजेच्या खांबावरून मीटरकडे येणारी वायर पत्र्याला घासत नाही ना, हे चढायच्या आधी खालून बघावं.

पैशांचा शेवटचा हप्ता मी आता पावसाआधी देत नाही. ठरवतानाच तसं सांगते. काही जण कुरकुर करतात, त्यांना दुसरं काम बघायला मोकळीक असते. पहिली मोठी झड नैर्ऋत्येकडून लागली की माळ्यावर जाऊन बॅटरीच्या उजेडात आढं, पन्हळ आणि वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे बघायचे, ओल दिसली तर त्या जागेचा फोटो पाठवायचा, आणि तो माणूस येऊन वॉशर बदलून गेला की त्याच संध्याकाळी पैसे द्यायचे.