संगणकाचे तापमान : आकडा कसा वाचावा?

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका हा कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा मुलूख. १ जुलै १९९८ रोजी तत्कालीन अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्या काळी गावपातळीवरील दप्तर मुख्यतः हस्तलिखितच होते. २०११ साली संग्राम प्रकल्प आला, २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या योजनेने घेतली आणि संगणक हा ग्रामपंचायतीच्या कारभाराचा अविभाज्य भाग बनला. आज गावातील दाखला, उतारा व अर्ज या यंत्रावाचून पुढे सरकत नाही.

विदर्भाच्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जाणे नित्याचे आहे. नेमक्या याच सुमारास दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची व पालकांची रांग लागते. अशा वेळी भर दुपारी संगणक मंदावतो, क्वचित आपोआप बंदही पडतो. पडद्यावर तापमान ८० अंश दिसले की कोणी म्हणतो यंत्र निकामी झाले, तर कोणी म्हणतो उन्हाळ्यात असे व्हायचेच. दोन्ही मते केवळ एका आकड्यावर बेतलेली असतात. नवा संगणक घ्यावा की अर्ध्या तासाच्या सफाईने काम भागेल, हा निर्णय पंचायतीच्या मर्यादित निधीशी निगडित असल्याने तो आकडा नीट वाचता येणे अगत्याचे आहे.

उष्णता कोठून येते?

संगणकाची सर्व आकडेमोड प्रोसेसर नावाच्या लहानशा सिलिकॉनच्या तुकड्यात होते. त्याला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता मलमासारख्या एका पातळ थरातून धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यात जाते आणि पंख्याच्या वाऱ्याने बाहेर फेकली जाते. मोठ्या यंत्रांनाही हाच प्रश्न भेडसावतो. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रव खेळविला जातो. ग्रामपंचायतीच्या संगणकाची मदार मात्र खोलीतील हवेवर असते. म्हणून खोली जितकी तापेल, साधारण तितकाच प्रोसेसरही अधिक तापतो.

आकडा कोणाचा?

संगणकात तापमान मोजणारे संवेदक एकाहून अधिक असतात. मुख्य पट्टीवरील संवेदक एक आकडा देतो, प्रोसेसरच्या आतील संवेदक दुसरा, तर माहिती साठविणाऱ्या डिस्कचा आकडा तिसराच असतो. प्रोसेसरची तपासणी करताना त्याच्या आतील संवेदकाचाच आकडा पाहावा. कोअर टेम्प, एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या आज्ञावलींत तो दिसतो.

हा आकडाही डोळे मिटून स्वीकारू नये. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमधील संवेदक प्रत्यक्ष अंश सांगत नाही; कमाल मर्यादेच्या आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो कळवितो. आज्ञावली त्या मर्यादेतून ही संख्या वजा करून तापमान दाखविते. मर्यादा १०० आणि अंतर ३० असेल, तर पडद्यावर ७० दिसतात. खरी मर्यादा ९० असताना आज्ञावलीने १०० गृहीत धरली, तर प्रत्येक आकडा १० अंशांनी जास्त दिसेल. शिवाय हे संवेदक मर्यादेच्या जवळ अचूक असतात. यंत्र थंड असतानाच्या आकड्यांवर तितका भरवसा ठेवता येत नाही. एएमडी कंपनीच्या २०१७ सालच्या रायझन १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांत तर पंख्याच्या नियंत्रणासाठी प्रत्यक्ष तापमानात २० अंश मिळवून आकडा कळविला जात असे. म्हणून आज्ञावली अद्ययावत ठेवावी आणि आपल्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावी.

वजाबाकी महत्त्वाची

प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा केल्यावर जो फरक उरतो, तोच यंत्राच्या प्रकृतीचा खरा निदर्शक होय. उदाहरणादाखल तीन नोंदी घेऊ. सकाळी खोलीत २८ अंश आणि कामाच्या भाराखाली प्रोसेसर ६६ अंश, फरक ३८. मे महिन्यातील दुपारी खोलीत ४२ आणि प्रोसेसर ८०. फरक पुन्हा ३८. येथे यंत्रात दोष नाही, खोली तापली आहे. तिसरी नोंद दिवाळीनंतरची : खोलीत २८ आणि प्रोसेसर ८०, फरक ५२. आकडा तोच ८०, परंतु अर्थ पूर्णतः वेगळा. आता उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा आला आहे. धूळ साचली आहे, पंखा मंदावला आहे किंवा मलम सुकले आहे. पंख्याचा वेग बदलल्याने फरकात दोन-चार अंशांची वाढ-घट होऊ शकते. तिला महत्त्व देऊ नये.

ही तुलना खरी ठरण्यासाठी दोन अटी पाळाव्यात. पहिली, प्रत्येक वेळी काम सारखेच असावे. रिकामे यंत्र आणि राबणारे यंत्र यांची तुलना निरर्थक होय. तेच काम वीस-तीस मिनिटे चालू ठेवून आकडा स्थिरावल्यावर नोंद घ्यावी. दुसरी, खोलीचे तापमान साध्या तापमापकाने, जेथून यंत्र हवा आत ओढते त्या बाजूस मोजावे. भिंतीवरील किंवा वृत्तपत्रातील आकडा येथे उपयोगी नाही.

धोक्याची खूण

तापमान मर्यादेला भिडले की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. त्यामुळे आकडा मर्यादेपाशी थबकून राहतो आणि वरवर पाहता परिस्थिती स्थिर वाटते. अशा वेळी वजाबाकीही फसवी ठरते. म्हणून तापमानासोबत प्रोसेसरचा वेगही पाहावा. आकडा थबकला आणि वेग घसरला, तर यंत्र उष्णतेशी झगडत आहे असे समजावे. वेग कमी करूनही भागले नाही, तर ते आपोआप बंद पडते. मात्र मर्यादेजवळचा प्रत्येक आकडा बिघाडाचा नसतो. पातळ लॅपटॉप भार पडताच ९० अंशांपलीकडे जाऊ शकतात, तर २०२२ मधील रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालतील अशाच बेताने तयार केलेले आहेत.

उपाय कोणता?

फरक पूर्वीइतकाच असेल, तर उपाय खोलीवर करावा. यंत्र उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवावे, हवेच्या जाळ्यांवर कापड वा कागद असू नये आणि जड काम सकाळी उरकावे. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उपयोगी पडतो. मात्र त्याचा दमट झोत थेट यंत्रावर नको आणि खिडकी उघडी असावी.

फरक वाढला असेल, तर उपाय यंत्रावर करावा. वीजजोडणी काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून ब्लोअरने धूळ काढावी. तरीही फरक कमी न झाल्यास जाणत्या कारागिराकडून मलम बदलून घ्यावे. हमीची मुदत बाकी असल्यास यंत्र उघडण्यापूर्वी पुरवठादाराला कळवावे.

नोंदवही ठेवावी

या सर्वांस एक साधी वही पुरेशी आहे. दिनांक, वेळ, चालू काम, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, फरक आणि वेग असे सात रकाने आखून महिन्यातून एकदा नोंद करावी. पहिली नोंद यंत्र नवे असताना किंवा सफाईनंतर लगेच घेतल्यास पुढील नोंदींना आधार मिळतो. शाळेत हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास विज्ञानाच्या तासाला मोजमापाचा जिवंत पाठही मिळेल. नव्या संगणकाचा प्रस्ताव मासिक सभेपुढे येईल, तेव्हा सदस्यांनी प्रथम ही वही मागवावी. तीतील फरकाचा रकाना पाहिला की खर्च यंत्रावर करावयाचा, खोलीवर करावयाचा की केवळ धूळ झाडावयाची, याचे उत्तर तेथेच मिळेल.