पेल्यातली माती : पोरांचा खेळ आणि शेताची पारख



गेल्या फाल्गुनात सुरू लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटातल्या एका वस्तीवर गेलो होतो. पडवीत पाहतो तो काचेचे चार पेले ओळीने मांडलेले, प्रत्येकात गढूळ पाणी, आणि सातवीतला नातू पालथा पडून त्यांच्याकडे टक लावून बघतोय. आजोबा वैतागलेले. म्हणाले, "बघा साहेब, पाव्हणं आलं तर च्या कशात द्यायचा? पोरानं समदे पेले मातीत घातले."

चहा शेवटी पितळेच्या भांड्यातून मिळाला. नोंदवही मात्र तासभर मिटलेलीच राहिली. खरे सांगायचे तर आमचाही हात शिवशिवला. पदविकेला असताना प्रयोगशाळेत जी माती आम्ही तराजूत तोलली, तीच इथे लिंबू, खडू आणि श्रीखंडाचे डबे घेऊन एक पोरगं उलगडत होतं, आणि आमच्यापेक्षा जास्त मजेत.

त्याचा पहिला खेळ सोपा. बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून खूप हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळ गाठते, पोयटा तास-दोन तासांत बसतो, चिकणमातीला मात्र एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. थर बाहेरूनच दिसतात. ज्या जमिनीत चिकणमातीचा थर जाड, तिथे पाणी सावकाश मुरते आणि सावकाशच निघते, एवढे त्यावरून कळले तरी पुष्कळ झाले.

दुसरा खेळ लिंबाचा. वाळल्या मातीवर लिंबाचा रस पिळायचा. बुडबुडे येऊन फसफसली तर मातीत चुनखडी आहे असे समजावे. अशा जमिनीत ऊस केवड्याने पिवळा-पांढरा पडतो. जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून मग हिराकस द्यावे लागते. पोराने शाळेतला खडूही लिंबाने तपासला होता. तो फसफसला नाही. त्यावरून त्याने ताडले की खडू चुनखडीचा नसून जिप्समचा असावा. बाजारात दोन्ही तऱ्हेचे खडू मिळतात. हे आम्ही त्याला शिकवलेले नव्हते.

तिसऱ्या खेळात आमची फजिती झाली ती आधी सांगतो. मागे एका शाळेत आम्ही हाच प्रयोग करून दाखवायला गेलो होतो. चोपण जमिनीचे वाळलेले ढेकूळ, वाटाण्याएवढे, पाण्यात अलगद सोडायचे. हलवायचे नाही. थोड्या वेळाने त्याच्याभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले तर माती चोपण. आम्ही ढेकूळ सोडले, पोरे वाकून बघू लागली, पण वलय काही येईना. अर्धा तास गेला. मागे बसलेली पोरे हसायला लागली. चूक आमची होती. पाणी शाळेच्या बोअरचे होते आणि बोअर खारट. पाण्यात क्षार असले की चिकणमातीचे कण विलग होत नाहीत. तेव्हा या प्रयोगाला पावसाचे पाणी घ्यावे, नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणावे. बॅटरीतले ॲसिड मात्र नव्हे, पोरांना हे बजावून सांगा.

वलय का येते? मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असला की ते एकमेकांपासून फुटून निघतात, बारीक भोके बुजवतात, आणि जमीन वरून घट्ट, आतून गुदमरलेली होते. कॅल्शियम आला की हेच कण पुन्हा गोळा होतात. हेही पेल्यात दिसते. गढूळ झालेल्या दोन पेल्यांपैकी एकात जिप्समच्या खडूची चिमूटभर पूड ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्यातले पाणी बरेच निवळलेले असते, दुसरे तसेच गढूळ. चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकतो ते याचसाठी. किती टाकायचे ते मात्र माती परीक्षणावरून ठरवावे, पेल्यावरून नव्हे.

आता डबे. आजोबांच्या ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात पांढरे फुटले आहे. ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. आजोबांचे म्हणणे, तिथे पाणी कमी पडते, म्हणून ते आणखी पाणी देत. आम्ही गटसभेत तीनदा सांगून झाले होते, परीक्षणाची चिठ्ठीही दिली होती. ती कपाटात देवाच्या फोटोमागे होती.

पोराने श्रीखंडाच्या दोन डब्यांच्या बुडाला भोके पाडली, आत कापड घातले, शेतातली माती आणि ओढ्याची वाळू निम्मी निम्मी करून भरली, आणि डबे मिठाच्या पाण्याच्या थाळीत उन्हात ठेवले. थाळीतले पाणी आटेल तसे पुन्हा भरले. दहाएक दिवसांत दोन्ही डब्यांवर पांढरी साय. वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीतून वर चढते, ऊन पाणी घेऊन जाते आणि मीठ मागे ठेवते. खाली पाणी तुंबले की वर मीठ फुटणारच. नीरा डाव्या कालव्यावर इंग्रज अमदानीतच हे दिसून आले होते, आणि कृष्णाकाठच्या गावांना ते काही नव्याने सांगायला नको.

मग त्याने एका डब्याची भोके मेणाने बुजवली, दुसरा विटांवर ठेवला, आणि दोन्हींत गोडे पाणी सारखेच, थोडे थोडे ओतले. विटांवरच्या डब्यातून पाणी ठिबकले. ते ताटलीत वाळवल्यावर तळाशी मीठ राहिले. (चाखून बघू नका, मातीचे पाणी आहे.) त्या डब्यावर साय पुन्हा आली ती नावाला. बुजवलेल्या डब्यात पाणी साचून राहिले, आणि वाळल्यावर वरती पुन्हा पांढरे.

नुसत्या काळ्या मातीचा एक डबा त्याने आधी केला होता, तो तुंबला. मीठ घुसलेल्या काळ्या मातीवर गोडे पाणी पडले की ती चोपणासारखी वागू लागते. म्हणजे तिथे निचराही हवा आणि जिप्समही. नुसते जिप्सम टाकून चर न काढणाऱ्यांनी हा तुंबलेला डबा जरूर बघावा.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग बुजवलेला डबा उचलून, उलटा करून बघत म्हणाले, "म्हंजे मी पाणी घालून घालून मीठच वर काढलं म्हणायचं."

आम्ही काही बोललो नाही. तीन सभांत आमच्या तोंडून जे झाले नाही ते डब्याने केले, याचे थोडे वाईटही वाटले आणि आनंदही.

अरविंद गुप्ता नावाचे आय. आय. टी. कानपूरला शिकलेले इंजिनियर काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून मुलांना विज्ञान शिकवत आले. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. आपल्या वस्त्यांवर काड्यांपेक्षा माती जास्त आहे, एवढाच फरक.

पोरांनी पेले मागितले तर दोन जुने द्या. सोबत तुमच्या वाईट रानातले एक ढेकूळ आणि चांगल्या रानातले एक ढेकूळ द्या. वेगळे काही दिसले तर शेतकी कार्यालयात नमुना घेऊन या. उभ्या पिकात नमुना घ्यायचा झाला तर सरीत खत पडलेली जागा टाळावी.

त्या अर्ध्या एकराची चर अजून निघालेली नाही. ती ओढ्यापर्यंत न्यायची तर खालच्या शेजाऱ्याच्या बांधातून जावे लागते, आणि त्याचा होकार यायचा आहे. आजोबा दोनदा जाऊन आले. परवा कळले की पोरगा दोन्ही डबे सायकलच्या कॅरेजला बांधून शेजाऱ्याच्या पडवीत ठेवून आला आहे, आणि रोज शाळेला जाताना त्यात पाणी घालतो.